मठवास्तूंतील अतिथिकक्ष : पोर्तुगालमधील आधुनिक गृहशोभन

ऐतिहासिक धार्मिक वास्तूचे प्रवासी निवासात रूपांतर करताना तिच्यातील निवासाच्या खोल्यांची मांडणी, फर्निचर, प्रकाशयोजना, पडदे-बिछायतीसारखी वस्त्रे व स्नानगृहादी सोयी यांची आधुनिक अभिकल्पाच्या तत्त्वांनुसार केलेली योजना, हा गृहशोभनाचा एक स्वतंत्र विभाग मानावा लागतो. सामान्य निवासगृहात गृहशोभनकार रिकाम्या खोलीपासून आरंभ करतो. मठाच्या खोलीत मात्र रिकामेपणा हाच मूळ वास्तूचा एक भाग असतो. जिच्या रहिवाशाने स्वतःचे काहीही बाळगावयाचे नाही असा नियम होता, त्या खोलीत पैसे देऊन राहणाऱ्या प्रवाशासाठी काय ठेवावे व काय ठेवू नये, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून इतिहासाच्या आकलनाचाही आहे. पोर्तुगालमध्ये विसाव्या शतकात शासनाने उभारलेल्या ‘पोझादा’ नामक प्रवासी निवासांच्या योजनेत या प्रश्नाची एकामागून एक अशी तीन उत्तरे दिली गेली. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी तो देश विशेष महत्त्वाचा ठरतो.

मठातील अतिथिगृहाची परंपरा : अतिथीची सोय ही ख्रिस्ती मठांत बाहेरून आलेली कल्पना नव्हे. संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) यांनी इटलीतील माँते कासीनो येथील मठासाठी सहाव्या शतकात जी नियमावली रचली, तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक अतिथीचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे, दरिद्री व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, अतिथींसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर असावे आणि अतिथिगृहात पुरेशा शय्या नेहमी तयार असाव्यात, असे सांगितले आहे. मठवासीयांच्या शय्येविषयीचे नियम पंचावन्नाव्या प्रकरणात आहेत. चटई, एक पातळ व एक जाड पांघरूण आणि उशी एवढेच साहित्य प्रत्येकास मिळे, आणि कोणी खाजगी वस्तू लपवून ठेवली आहे काय, हे पाहण्यासाठी मठाधिपतीने वेळोवेळी शय्या तपासाव्यात, असा दंडक होता. मठातील फर्निचराचा इतिहास अशा रीतीने एका निषेधापासून सुरू होतो.

स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील ग्रंथालयात सु. ८२० मधील एका आदर्श मठाचा आराखडा जतन केलेला आहे. त्यात प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी एक व यात्रेकरू आणि दरिद्री यांच्यासाठी दुसरे, अशी दोन वेगळी अतिथिगृहे दाखविली आहेत. पहिल्यात मधोमध चूल व भोवती मेजे-बाके असलेले दालन, शेकोटीची सोय असलेल्या निजण्याच्या खोल्या, सेवकांच्या खोल्या, घोड्यांचे तबेले व शौचकूप आहेत. दुसऱ्याची रचना बरीच साधी आहे. म्हणजे अतिथींमधील श्रेणीभेद आणि त्यानुसार होणारा सोयींमधील भेद नवव्या शतकातच मठाच्या आराखड्यात आला होता.

आरंभी मठवासी एका मोठ्या शयनगृहात एकत्र निजत. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून अनेक मठांत त्याऐवजी लांब बोळाच्या कडेने स्वतंत्र कोठड्या बांधण्यात येऊ लागल्या. पोर्तुगालमधील अशा कोठडीत जाड दगडी भिंत, एक खिडकी आणि खिडकीच्या खोल कोनाड्यात समोरासमोर बसविलेल्या दोन दगडी बैठका एवढीच कायमची रचना बहुधा आढळते. ‘कोन्व्हेर्सादेइरा’ (संभाषणाची बैठक) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बैठका म्हणजे त्या वास्तूचे अंगभूत फर्निचरच होय. कोठडी अशी उघडी असली, तरी मठाचे इतर भाग तसे राहिले नाहीत. सोळाव्या ते अठराव्या शतकांत आशियातील व्यापार व ब्राझीलमधील सोने यांमुळे संपन्न झालेल्या पोर्तुगीज मठांची प्रार्थनामंदिरे, जिने व ओवऱ्या सोनेरी मुलाम्याचे लाकूडकाम आणि ‘आझुलेजो’ या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्या यांनी मढविण्यात आल्या. पोर्तुगीज मठवास्तूचे वैशिष्ट्य कोठडीचा उघडेपणा व सामुदायिक दालनांची श्रीमंती यांच्या या विरोधात आहे. पुढील काळातील गृहशोभनकारांना या दोहोंपैकी कशाशी नाते जोडावे, याचा निर्णय करावा लागला.

मठांचे विसर्जन : १८२८–३४ या काळातील यादवी युद्धात उदारमतवादी पक्ष विजयी झाल्यानंतर मे १८३४ मध्ये जोआकिम आंतोनियो दे आगियार या मंत्र्याच्या हुकुमाने पोर्तुगालमधील पुरुषांचे सर्व धार्मिक संघ विसर्जित करण्यात आले आणि त्यांची मालमत्ता राष्ट्रीय म्हणून घोषित झाली. या कृत्यामुळे आगियार यांस लोकांनी ‘साधूंचा कर्दनकाळ’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. जोगिणींच्या मठांत नव्या दीक्षा थांबविण्यात आल्या व शेवटची जोगीण मृत्यू पावेपर्यंत ते चालू राहिले. रिकाम्या झालेल्या वास्तूंच्या वाट्यास निरनिराळी दैवे आली. लिस्बनमधील साऊं बेंतो मठात संसद भरू लागली. काही मठ बराकी, रुग्णालये, शाळा वा कचेऱ्या झाले. अनेकांचा लिलाव झाला व खाजगी मालकांनी त्यांचे दगड, कौले व तुळया विकून टाकल्या. कोठड्यांतील आणि अतिथिगृहांतील साध्या सामानाची नोंद ठेवण्याजोगे मूल्य कोणास वाटले नाही. त्यामुळे पुढे जेव्हा या खोल्या पुन्हा सजविण्याची वेळ आली, तेव्हा त्यांचे मूळ सामान परत आणणे बहुतेक ठिकाणी अशक्यच होते.

हा हुकूम गोव्यातही १८३५ मध्ये अंमलात आला. जुने गोवे येथील ऑगस्टिनियन संघाचा भव्य मठ ओस पडला. १८४२ मध्ये त्याच्या चर्चची कमान कोसळली, १९३१ मध्ये मनोऱ्याचा व दर्शनी भागाचा मोठा अंश पडला आणि उरलेला मनोरा भग्नावशेष म्हणून उभा आहे. याउलट तेथील संत मोनिकेच्या मठातील शेवटची जोगीण १८८५ मध्ये निवर्तली, तरी ती वास्तू टिकून राहिली. १९६४ पासून तेथे जोगिणींच्या धर्मशिक्षणाची संस्था आहे. संत फ्रान्सिस यांच्या मठात त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय स्थापन झाले. एकाच हुकुमाने रिकाम्या झालेल्या या तीन वास्तूंची तुलना केली असता, वास्तूचे आयुष्य तिच्या बांधकामाच्या मजबुतीइतकेच तिच्या उपयोगावर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

पोझादा योजना व प्रादेशिक सजावट : ‘पोझादा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ विसाव्याचे ठिकाण असा आहे. सालाझार यांच्या राजवटीत १९४० मध्ये पोर्तुगीज राष्ट्राचा द्विविध शताब्दी महोत्सव साजरा करण्यात आला. त्या निमित्ताने सार्वजनिक बांधकाम मंत्री दुआर्ते पाशेको व राष्ट्रीय प्रचार विभागाचे प्रमुख अंतोनियो फेरो यांच्या पुढाकाराने महामार्गांवर लहान शासकीय प्रवासी निवास उभारण्याचे ठरले. त्यांपैकी पहिला निवास स्पेनच्या सरहद्दीजवळील एल्व्हस येथे १९४२ मध्ये सुरू झाला. पोझादा लहान असावा, तेथे प्रवाशास स्वतःच्या घरी असल्यासारखे वाटावे आणि त्या त्या प्रांताचे भोजन, विणकाम व लाकूडकाम त्याला तेथे पाहावयास मिळावे, असा फेरो यांचा आग्रह होता. या इमारती नव्याने बांधलेल्या होत्या. त्यांत आलेंतेजो प्रांतातील रंगविलेल्या फुलांच्या नक्षीचे फर्निचर, हातमागाची वस्त्रे व मातीची भांडी यांची योजना केलेली असे. लोककलेचे हे दर्शन आकर्षक असले, तरी ते शासनाने निवडलेले व नीटनेटके केलेले होते. ‘सुरुचीची मोहीम’ या नावाने प्रचार विभागाने चालविलेल्या कार्यक्रमाचाच तो एक भाग होता.

जुन्या घाटाची सजावट : १९५० च्या सुमारास ओबिदुश येथील किल्ल्यात पोझादा सुरू करून शासनाने ऐतिहासिक वास्तूंच्या पुनरुपयोगास आरंभ केला. एव्होरा येथील लोयोस मठात १९६५ मध्ये सुरू झालेला पोझादा हे धार्मिक वास्तूचे महत्त्वाचे उदाहरण होय. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोमन मंदिराच्या अवशेषांलगत बांधलेल्या या मठाच्या ओवरीत भोजनगृह आणि कोठड्यांत अतिथिकक्ष करण्यात आले. कोठड्या लहान असल्याने खोल्याही लहानच राहिल्या. एश्त्रेमोश येथील राजवाड्यात १९७० मध्ये सुरू झालेल्या पोझादात तर वस्तुसंग्रहालयाची आठवण व्हावी इतके जुने वा जुन्या घाटाचे फर्निचर मांडण्यात आले.

या टप्प्यातील गृहशोभनाचा भर सतराव्या व अठराव्या शतकांतील पोर्तुगीज फर्निचरावर होता. कातीव खांबांचे पलंग, पितळी खिळ्यांनी चामडे ठोकलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या, आराइयोलोस येथील लोकरीच्या भरतकामाचे गालिचे व अनेक खणांच्या ‘कोंतादोर’ पेट्या ही त्याची परिचित अंगे होत. यांपैकी काही प्रकारांचा उगम भारतात आहे. सागवानी लाकडावर शिसवी व हस्तिदंताचे जडावकाम केलेल्या पेट्या सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात व पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी तयार होत आणि लिस्बनमार्गे तेथील वाड्यांत व मठांत जात. बंगालमध्ये भरतकाम केलेल्या रजयांनाही तेथे मोठी मागणी होती. तथापि हे सामान मठाच्या सामुदायिक वैभवाचे वा उमराव घराण्यांच्या दालनांचे होते. ते कोठडीत आणल्याने असा समज होतो की, तेथे राहणारा साधू छताच्या पलंगावर निजत असे. नव्याने घडविलेल्या प्रतिकृतींची भर पडल्यावर जुने कोणते व नवे कोणते, हे प्रवाशास ओळखता येत नाही. दिसावयास ऐतिहासिक असणारी सजावट इतिहासाच्या दृष्टीने कशी चुकीची असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

या पद्धतीस तत्कालीन जीर्णोद्धार धोरणाचाही आधार होता. १९२९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय इमारती व स्मारके यांचे संचालनालय वास्तूंना एखाद्या निवडक कालखंडाचे ‘शुद्ध’ रूप देण्यासाठी नंतरच्या काळातील भर काढून टाकीत असे. भिंती ज्याप्रमाणे एका शतकात परत नेल्या जात, त्याप्रमाणेच खोल्यांतील सामानही.

व्हेनिस सनद : १९६४ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या वास्तुविशारद व स्मारकतज्ञ यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संमत केलेल्या सनदेत या विचारसरणीस निराळे वळण मिळाले. स्मारकाचा समाजोपयोगी कामासाठी वापर करणे संरक्षणास साहाय्यक ठरते, परंतु त्यासाठी वास्तूची मांडणी वा अलंकरण बदलू नये. जे नवे काम अपरिहार्य असेल, ते जुन्यापासून वेगळे ओळखू यावे व त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. सर्व कालखंडांनी घातलेली प्रामाणिक भर राखावी. सनदेतील ही तत्त्वे मुख्यत्वे बांधकामास उद्देशून आहेत. तथापि ती फर्निचरास लावली असता अतिथिकक्षातील आधुनिक खुर्ची ही जुन्या भिंतीचा अनादर ठरत नाही. उलट, ती भिंतीच्या वयाविषयी पाहणाऱ्याची फसवणूक होऊ देत नाही.

गिमाराइश येथील प्रयोग : पोर्तुगालमध्ये हे वळण प्रथम स्पष्टपणे दिसले, ते वास्तुविशारद फेर्नांदो ताव्होरा (१९२३–२००५) यांच्या कामात. गिमाराइशजवळील सांता मारिन्या दा कोस्ता हा मूळचा बाराव्या शतकातील मठ ऑगस्टिनियन संघाकडून सोळाव्या शतकात हायरोनिमाइट संघाकडे गेला. १८३४ नंतर तो खाजगी मालकीचा झाला आणि १९५१ मध्ये त्यास आग लागली. ताव्होरा यांनी १९७० च्या दशकात हाती घेतलेले रूपांतर पूर्ण होऊन १९८५ मध्ये तेथे पोझादा सुरू झाला. कामापूर्वी पुरातत्त्वीय उत्खनन करण्यात आले व त्यात रोमनेस्क काळापूर्वीच्या वास्तूचेही अवशेष मिळाले. जी जागा हजार वर्षे सतत बदलत आली, तिला कोणत्याही एका शतकात परत नेता येत नाही. तिचे आयुष्य पुढे चालविताना आपल्या काळाची भर उघडपणे घालावी, अशी ताव्होरा यांची भूमिका होती. जुन्या कोठड्यांचा लांब बोळ व आझुलेजोंनी मढविलेली ओवरी त्यांनी राखली. आणखी खोल्यांची जी गरज होती, ती उतारावर खालच्या पातळीवर बांधलेल्या नव्या कक्षात भागविली. नव्या खोल्यांत मठाच्या कोठडीची नक्कल नाही. त्या आधुनिक म्हणूनच बांधल्या आहेत आणि त्यांमुळे जुन्या कोठड्यांवर अधिक सोयी लादण्याचा भार पडला नाही.

बोरो व फ्लोर दा रोझा : एदुआर्दो सोतो दे मोरा (जन्म १९५२) यांनी अमारेश तालुक्यातील सांता मारिया दो बोरो या सिस्टर्शियन मठाचे १९८९–९७ या काळात केलेले रूपांतर या विषयातील सर्वाधिक चर्चिले गेलेले काम होय. बाराव्या शतकात उगम असलेला हा मठ १८३४ नंतर ओस पडला होता. चर्च गावाच्या उपयोगात राहिले, परंतु निवासी भागाची छपरे कोसळून केवळ ग्रॅनाइटच्या भिंती उरल्या होत्या. आपण मठाचा जीर्णोद्धार करीत नसून उपलब्ध दगड वापरून एक नवी वास्तू उभारीत आहोत, असे सोतो दे मोरा यांनी स्पष्ट केले. उतरत्या कौलारू छपराऐवजी त्यांनी गवत उगवलेले सपाट छप्पर घातले. खिडक्यांच्या चौकटी बारीक धातूच्या व जवळजवळ न दिसणाऱ्या ठेवल्या. ओवरीने वेढलेला चौक छताविनाच राहू दिला. दुरून पाहणाऱ्यास वास्तू अजूनही भग्नावशेषासारखी भासते, आत मात्र ती पूर्णतः वसती करण्यायोग्य आहे. खोल्यांतही तेच धोरण आहे. गिलाव्याच्या साध्या भिंती, लाकडी जमीन, सरळ रेषांचे मोजके फर्निचर आणि खिडकीच्या खोल दगडी कोनाड्यातून दिसणारा डोंगर एवढाच त्यांचा ऐवज आहे. भिंतीवर चित्रांची गर्दी नाही, की छताला झुंबर नाही. या वास्तुविशारदास २०११ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

आलेंतेजो प्रांतातील क्रातोजवळ फ्लोर दा रोझा हा हॉस्पिटलर संघाचा १३५६ मध्ये स्थापन झालेला मठ आहे. किल्ला, मठ व निवासवाडा या तिन्हींचा संगम त्यात झाला आहे. जोआऊं लुईश कारिल्यो दा ग्रासा (जन्म १९५२) यांनी त्याचे रूपांतर केले व १९९५ मध्ये तेथे पोझादा सुरू झाला. काही खोल्या जुन्या भागात, तर बाकीच्या पांढऱ्या सपाट भिंतींच्या नव्या कक्षात आहेत. नवे व जुने यांची सीमारेषा कोठेही झाकलेली नाही.

या तिन्ही वास्तूंच्या गृहशोभनात एक गोष्ट समान आहे. प्राचीन सामानाच्या टप्प्यात मठाच्या सामुदायिक वैभवाशी नाते जोडले गेले होते. या टप्प्यात ते कोठडीशी जोडले गेले. आधुनिक अभिकल्प कमी वस्तूंत भागवू शकतो, म्हणून तो मठाच्या मोजमापाशी जुळला; त्याच्या आकारांत धार्मिक असे काही नाही.

खोलीची रचना व तांत्रिक बाबी : मठाच्या कोठडीत आधुनिक सोयी बसविताना काही अडचणी सर्वत्र येतात. दगडी भिंतीत नळ व विजेच्या तारा यांसाठी खोबणी पाडल्यास ती हानी भरून येत नाही. म्हणून हे सर्व नव्या जमिनीखालून वा फर्निचराच्या पाठीतून नेण्याची पद्धत पडली. पलंगाच्या उशाकडील फळी, कपाट व लिहिण्याचे मेज यांचा एकच सलग, भिंतीपासून सुटा घटक करून त्यातच दिव्यांची बटणे व तारा बसविता येतात. स्नानगृहासाठी शक्य तेथे खोलीत छतापर्यंत न पोहोचणारी स्वतंत्र पेटी उभी केली जाते. त्यामुळे मूळ छत वा घुमट अखंड दिसतो आणि पुढे ती पेटी काढून टाकणेही शक्य होते. जाड दगडी भिंत ओल धरते व हळूहळू सोडते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवल्यास मागे बुरशी येते, म्हणून हवा खेळण्यापुरती फट ठेवावी लागते. चुन्याच्या गिलाव्यावर हवा रोखणारे तैलरंगही त्याच कारणाने टाळले जातात. आझुलेजोंचा पट्टा भिंतीच्या खालच्या भागात असल्याने तेथे उंच फर्निचर ठेवल्यास तो झाकला जातो. कमानी छताला भोके पाडावयाची नसल्याने प्रकाश खालून, उभ्या वा मेजावरील दिव्यांतून द्यावा लागतो. मठाच्या खोलीतील मंद प्रकाश पुष्कळदा या बंधनातूनच आलेला असतो. दगड व लाकूड यांमुळे आवाज घुमतो. तो शोषून घेण्यासाठी जाड लोकरी वस्त्रे, गालिचे किंवा कापडाने मढविलेले फलक वापरतात. खिडकीतील दगडी बैठकांवर केवळ गादी ठेवली, तरी दोन खुर्च्यांची गरज उरत नाही.

इतर देशांतील उदाहरणे : स्पेनमध्ये ‘पारादोर’ या शासकीय प्रवासी निवासांची योजना १९२८ पासून सुरू असून तीत अनेक मठांचा समावेश आहे. त्यांत जुन्या घाटाच्या सजावटीचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. नेदर्लंड्समधील मास्ट्रिख्ट येथे पंधराव्या शतकातील क्रूसधारी संघाच्या मठात २००५ मध्ये सुरू झालेल्या निवासगृहात याच्या अगदी उलट टोक गाठलेले दिसते. गॉथिक चर्चच्या पोकळीत जुन्या भिंतींपासून स्वतंत्र असा आधुनिक मजला उभारण्यात आला असून रंगीत फर्निचर व इंगो माउरर यांच्या दिव्यांनी तिला नाट्यमय रूप दिले आहे. फ्रान्समधील फाँतव्ह्रो हा ११०१ मध्ये स्थापन झालेला मठ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तुरुंग झाला व १९६३ पर्यंत मुख्यत्वे तुरुंगच होता. त्याच्या आवारातील सेंट लाझार या उपमठात पॅट्रिक जुवँ व संजित मंकू यांनी अभिकल्पिलेले निवासगृह २०१४ मध्ये सुरू झाले. तेथे ओकच्या लाकडाचे साधे, सुटे फर्निचर व मंद प्रकाश यांची योजना आहे. पोर्तुगालमध्येही आल्कोबासा या जागतिक वारसास्थळाच्या एका भागात सोतो दे मोरा यांनी रूपांतरित केलेले निवासगृह २०२२ मध्ये सुरू झाले.

आक्षेप व मूल्यमापन : आधुनिक गृहशोभनावर घेतले जाणारे आक्षेप विचारार्ह आहेत. पहिला असा की, साधू निर्धन होता आणि अतिथिकक्षातील साधेपणा महाग आहे. उत्तम लाकूड, नेमके सांधे व लपविलेली यंत्रे यांवर झालेला खर्च डोळ्यांस दिसत नाही, एवढेच. व्रत म्हणून स्वीकारलेले दारिद्र्य आणि अभिरुची म्हणून विकत घेतलेला साधेपणा यांत दिसण्यापुरतेच साम्य आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याचे नाव देणे ही देखील प्रतिकृतींच्या फर्निचराइतकीच फसवणूक होईल. दुसरा आक्षेप सार्वजनिक प्रवेशाचा. बेनेडिक्टच्या नियमावलीत ज्यांची विशेष काळजी घ्यावयाची, ते दरिद्री व यात्रेकरूच नव्या अतिथिगृहाबाहेर राहतात. पोझादांचे व्यवस्थापन २००३ मध्ये पेश्ताना या खाजगी उद्योगसमूहाकडे सोपविण्यात आले आणि २०१६ पासून पोर्तुगीज शासनाने ‘रिव्हाइव्ह’ या कार्यक्रमाखाली आणखी ओस वास्तू दीर्घ मुदतीने पर्यटनासाठी देण्यास सुरुवात केली. त्यामुळे ओवरी व चौक नागरिकांना किती खुले राहणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. तिसरा आक्षेप असा की, आधुनिक शैलीही कालबाह्य होते. तो खरा आहे. मात्र सुटे, भिंतीला इजा न करणारे फर्निचर बदलता येते. छपराविषयी तसे म्हणता येत नाही. बोरो येथील सपाट छपराने मठाचे बाह्य रूप कायमचे बदलले, आणि त्याची योग्यता खोलीतील खुर्चीपेक्षा कठोर निकषावर तपासली पाहिजे.

या आक्षेपांचा विचार करूनही, ओस मठात अतिथीची सोय करणे हा त्या वास्तूच्या मूळ प्रयोजनाशी अजिबात संबंध नसलेला उपयोग ठरत नाही. अतिथिगृह हे मठाचे अंग होतेच. अशा खोलीच्या सजावटीची कसोटी तीन प्रश्नांनी घेता येते : जुने व नवे वेगळे ओळखू येतात काय, नवे काढून घेतल्यास जुने अबाधित राहील काय, आणि ज्या रिकामेपणासाठी ती कोठडी बांधली होती, त्याचा काही अंश पाहुण्याच्या वाट्यास येतो काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वास्तुविशारद देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर खोलीत काय ठेवले नाही, यावर अवलंबून असते.